सोलापूरहून निसर्ग इतिहासाचं संग्रहालय पाहायला जाताय? आधी नान्नजला जाऊन या

मोठं संग्रहालय पाहून आलेल्या मुलाला संध्याकाळी विचारा, "काय काय पाहिलंस?" उत्तर येतं, "वाघ होता. आणि पाय लई दुखले." पोराचा यात दोष नाही. आपण तयारी करतो ती तिकिटांची, डब्याची आणि परतीच्या गाडीची. आत गेल्यावर काय पाहायचं, याची तयारी मात्र कुणीच करत नाही. मग शेकडो काचा डोळ्यांसमोरून सरकतात आणि एकही लक्षात राहत नाही.

माझं मत असं की अशा सहलीची निम्मी तयारी सोलापूरच्या माळावर होते. आपला माळ, आपली तळी, आपल्या पायाखालचा काळा दगड एकदा नीट पाहिला, तर संग्रहालयातल्या काचेमागचं बरंच काही ओळखीचं निघतं. पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय.

कुठं जायचं?

सोलापूरला दोन ठिकाणं सोयीची आहेत. पश्चिमेला मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पूर्वेला हैदराबादचं बिर्ला विज्ञान केंद्र. कोणतं निवडायचं हे पोरांना कशाचं वेड आहे त्यावर ठरवा.

प्राणी आणि पक्षी आवडत असतील तर मुंबई. तिथला निसर्ग इतिहास विभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीनं उभा राहिला. ही संस्था १८८३ सालची, म्हणजे संग्रहालयाहूनही जुनी. पक्षीतज्ज्ञ सालिम अली १९२६ च्या सुमारास याच विभागात लोकांना माहिती सांगण्याच्या नोकरीवर होते. इमारतीत शिल्पं, लघुचित्रं, नाणी, शस्त्रं असं बरंच काही आहे, तेव्हा घरातल्या ज्यांना प्राण्यांत रस नाही त्यांचाही दिवस वाया जात नाही.

डायनोसॉरचा ध्यास असेल तर मात्र हैदराबाद. तिथल्या डायनोसॉर दालनात 'कोटासॉरस'चा सांगाडा उभा केलेला आहे. तेलंगणातल्या यामनपल्ली गावाजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना ही हाडं सापडली आणि १९८८ साली या प्राण्याचं नामकरण झालं. हा लांब मानेचा, झाडपाला खाणारा, ज्युरासिक काळाच्या सुरुवातीचा प्राणी. सापडलेली हाडं एका जनावराची नसून निदान बारा जनावरांची होती. म्हणून सांगाड्यापुढं उभं राहून विचारण्यासारखा पहिला प्रश्न हा: यातलं खरं हाड कुठलं आणि जुळणी करताना भरलेलं कुठलं? सोलापूरहून हैदराबादचा रस्ता सरळ आहे, राष्ट्रीय महामार्ग ६५ नं नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद. रेल्वेनं वाडीमार्गे जाता येतं. केंद्र नौबत पहाड टेकडीवर आहे, तारांगण तिथंच आणि बिर्ला मंदिर शेजारी, त्यामुळं एक अख्खा दिवस सहज भरतो.

"आपल्याकडं का नाही सापडत डायनोसॉर?" हे पोरं विचारणारच. सांगायचं की सोलापूरची जमीन लाव्हाची आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि त्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. तापलेल्या लाव्हात हाडं टिकत नाहीत. ती टिकतात गाळाच्या खडकात, म्हणजे नदी-तळ्यांच्या तळाशी साचत गेलेल्या मातीत आणि वाळूत. असे खडक प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात आहेत. महाराष्ट्रात त्यासाठी पार विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीकडं जावं लागतं.

आणखी एक सूचना. इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांत दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय अजून दिसतं. ते २६ एप्रिल २०१६ च्या आगीत जळालं. दिल्लीच्या सहलीत ते धरून चालू नका. कोलकात्याला जाणं होत असेल तर १८१४ साली स्थापन झालेलं इंडियन म्युझियम आहेच, पण ती वेगळी, मोठी सहल.

इथून पुढं मुंबईचं सांगतो, कारण सोलापुरातली बहुतेक घरं तिकडंच जातात.

तारीख

मे महिन्यात सोलापूरचं ऊन टाळायला लोक मुंबई गाठतात आणि तिथं घामानं निथळतात. जुलै-ऑगस्टमध्ये जोराच्या पावसानं गाड्या अडकतात. गणपतीत फोर्टाकडं, म्हणजे संग्रहालयाच्या भागात, जाणंयेणं ठीक, पण गाड्यांना जागा मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण शाळांच्या सहलींची झुंबड उडते, आणि आपल्याकडं जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते. घरात नंदीध्वजाची मानाची जबाबदारी असेल तर तो महिना विसराच. माझी पसंती नोव्हेंबरला, दिवाळी संपून शाळा सुरू झाल्यावरच्या एखाद्या मधल्या वाराला. शाळा एक दिवस बुडाली तर बुडू द्या.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा तारखा घेऊ नका, या सुट्ट्यांना दारं बंद असतात. वेळ आणि तिकिटाचा दर निघायच्या आठवड्यात संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. दार सकाळी दहानंतर उघडतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतं, एवढं धरून बेत आखा.

गाडी

सिद्धेश्वर एक्सप्रेस या कामाला सगळ्यात सोयीची. रात्री सोलापुरात बसायचं आणि सकाळी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं. तिथून संग्रहालय चालत जाण्याइतकं जवळ आहे, म्हणजे लोकलच्या गर्दीत पोरांचे हात धरून उभं राहायची वेळच येत नाही. दादरला उतरायचा मोह आवरा.

वंदे भारत (सोलापूरहून १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू आहे) सकाळी निघते आणि दुपारी पोचवते. त्याच दिवशी तिची परतीची फेरी दुपारीच सुटते. म्हणजे तिनं जाऊन तिनंच परत यायचं तर मुंबईत मुक्काम हवा. पाहुण्यांकडं राहायची सोय असेल, किंवा सोबत रात्रीचा प्रवास न झेपणारे आजी-आजोबा असतील, तर ही गाडी उत्तम. नाहीतर सिद्धेश्वर.

आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. शुक्रवार-रविवारच्या जागा लवकर जातात. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही. बरेच जण पैसे वाचवायला पोराला आपल्याच बर्थवर झोपवतात आणि दुसऱ्या दिवशी दोघंही संग्रहालयाच्या बाकावर पेंगतात. या एका ठिकाणी काटकसर करू नका. आणि सहा वर्षांखालचं मूल असेल तर जाऊन-येऊन सलग दोन रात्री गाडीत काढू नका. एक रात्र मुक्काम करा.

जाण्याआधीचे दोन रविवार

हा भाग वगळून पुढं जाऊ नका, सगळ्यात महत्त्वाचं इथंच आहे.

पहिला रविवार नान्नजसाठी. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. इथलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं होतं. पुढं ते कमी करून सव्वा-बाराशेच्या आसपास आणलं. माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, संपूर्ण देशात आता ते दीडशेच्या आत उरलेत. पण काळविटांचे कळप दिसतात. नशीब असेल तर लांडगा दिसतो. थंडीत गवतावरून खालून उडत जाणारे भोवत्या (हॅरियर), जमिनीवर तुरुतुरु पळणारा धाविक, पाण्यावर येणाऱ्या पखुर्ड्या असे पक्षीही असतात. सूर्य उगवताना पोचायचं, मळकट रंगाचे कपडे घालायचे आणि वनखात्याचे नियम तिथं विचारून पाळायचे.

तिथं मुलांना एकच काम द्या: पाय पाहा. धाविकाच्या पायाला मागचं बोट नसतं. माळढोकालाही नसतं, पुढची तीनच. मागचं बोट फांदी पकडायला लागतं, आणि हे पक्षी झाडावर बसतच नाहीत. आयुष्य माळावर चालण्यात जातं. दुर्बिणीतून हे दिसलं नाही तरी चालेल. मुंबईत काचेपलीकडं पक्षी स्थिर उभा असतो, तिथं बोटं मोजता येतात. माळावर जी गोष्ट लांबून पळताना पाहिली ती तिथं हातभर अंतरावर तपासायची, संग्रहालयाचा खरा उपयोग हा.

दुसरा रविवार पाण्याकाठी. तुळजापूर रस्त्यावरचं हिप्परगा तळं घ्या किंवा गावातला कंबर तलाव. ज्यांना जमेल त्यांनी उजनीचं मागचं पाणी गाठा, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथं रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. त्यांची मान खाली आणि चोच उलटी धरून खाण्याची तऱ्हा पाहून ठेवा. ते चोचीतून चिखलपाणी गाळतात आणि बारीक जीव तेवढे आत ठेवतात. मुंबईच्या संग्रहालयात फ्लेमिंगोंचा मोठा देखावा आहे. उजनी पाहिलेलं पोर त्या काचेपुढं थांबतं, न पाहिलेलं पोर 'गुलाबी पक्षी' म्हणून पुढं जातं.

घरी आल्यावर एका वहीत दहा नावं लिहा, जास्त नकोत. निदान पाच आपल्या जिल्ह्यात पाहिलेली आणि उरलेली कधीच न पाहिलेली. उदाहरणार्थ काळवीट, लांडगा, रोहित, चंडोल, घार, आणि मग गवा, महाधनेश, वाघ, शेकरू, खवल्या मांजर. यातलं जे तिथं सापडेल त्यापुढं खूण करायची. जे सापडणार नाही त्याचीही नोंद ठेवायची.

त्या दिवशी सकाळी

गाडी पहाटेच्या सुमारास पोचली की दहा वाजेपर्यंत वेळ काढायचा असतो. स्टेशनवरच्या पैसे देऊन वापरायच्या प्रतीक्षालयात अंघोळ-तोंड उरका. मोठ्या बॅगा स्टेशनच्या सामानघरात ठेवा. तिथं कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा छोटी कुलपं सोलापूरहूनच न्या. संग्रहालयाच्या दालनांतही मोठ्या पिशव्या नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली, वही, पेन्सिल आणि एक पातळ पिशवी एवढंच जवळ असावं.

मग दादाभाई नौरोजी रस्त्यानं हुतात्मा चौक, तिथून महात्मा गांधी रस्त्यानं काळा घोडा. लहान मुलं धरून अर्धा तास. रिक्षा शोधू नका, त्या भागात रिक्षा चालतच नाहीत, टॅक्सी मिळते.

फाटकातून आत शिरल्यावर लगेच तिकीट खिडकीकडं धावू नका. दोन मिनिटं इमारतीकडं पाहा, कारण निसर्ग इतिहास बाहेरूनच सुरू होतो. करडा दगड कुर्ल्याचा बेसाल्ट आहे, म्हणजे आपल्या घराच्या पायात असतो त्याच जातीचा. पिवळसर दगड मालाडचा. दोन्ही ज्वालामुखीचे. वर पाहा: जॉर्ज विटेटनं ही इमारत आखताना घुमट गोवळकोंड्यावरून घेतला आणि आतल्या कमानींची रचना विजापूरच्या गोलघुमटावरून. विजापूर आपल्यापासून शंभर किलोमीटर, बहुतेकांनी पाहिलेलं. मुलांना कमानी ओळखायला लावा. पायाचा दगड १९०५ सालचा, पण लोकांसाठी दार उघडलं १० जानेवारी १९२२ ला. मधल्या काळात पहिल्या महायुद्धाचं लष्करी रुग्णालयही इथं होतं.

तिकीट काढताना दोन गोष्टी विचारा: फोटोचे वेगळे पैसे आहेत का, आणि मराठी ऑडिओ गाइड मिळेल का. मुलांची शाळेची ओळखपत्रं जवळ ठेवा, सवलतीला लागतात.

आत

बहुतेक माणसं समोर दिसेल त्या दालनात शिरतात, आणि दोन तासांनी निसर्ग इतिहासाकडं पोचतात तेव्हा अंगात त्राण नसतं. तुम्ही उलट करा. नकाशा हातात घेऊन थेट प्राण्यांकडं जा. सकाळचा दीड-दोन तास तिथंच घालवा. शिल्पं जेवणानंतर.

आधी एक फेरी न थांबता मारा, वहीतली दहा नावं कुठं कुठं आहेत एवढं पाहत. दुसऱ्या फेरीत थांबायचं. फोटो काढायचा असेल तर आधी पाटीचा, मग प्राण्याचा. घरी आल्यावर कुठला पक्षी कुठला, हा घोळ होत नाही. फ्लॅश बंद. प्रखर उजेडानं पिसांचे आणि केसांचे रंग उडतात, म्हणूनच दालनात उजेड मंद ठेवलेला असतो. पोरं "इथं अंधार का?" म्हणाली तर हे कारण.

मोठे देखावे पाहताना काचेजवळ नाक नेऊन मग चार पावलं मागं या. पुढचा भाग, म्हणजे दगड, माती, गवत, खोड, हा उभा केलेला असतो. मागची भिंत रंगवलेली असते. खरं कुठं संपतं आणि चित्र कुठं सुरू होतं तो सांधा शोधणं हा मोठ्यांनाही गुंतवणारा खेळ आहे. चांगल्या देखाव्यात तो सांधा पटकन सापडत नाही.

महाधनेशापुढं थोडा जास्त वेळ द्या. या पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत बसून दार लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला खाऊ घालतो. ही गोष्ट ऐकली की पोरांना ती लांब चोच कशी उपयोगी पडते, ते आपोआप कळतं. गव्यापुढं पाय पाहा: गुडघ्याखाली पांढरे मोजे. अंगानं किती मोठा, ते पुस्तकातल्या चित्रावरून कधीच कळत नाही.

शिंगांसाठी वेगळा वेळ काढा. काळवीटाची शिंगं आणि चितळाची शिंगं यांत फरक काय? काळवीटाचं शिंग जन्मभराचं, आत हाड आणि वर कवच, आणि त्याला फाटे नसतात. चितळाची शाखा फुटलेली शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. नान्नजला काळवीट पाहून आलेल्या पोराला हे एका दमात कळतं. तसंच लांडगा, कोल्हा आणि खोकड. यातल्या कोल्हा आणि खोकड या दोघांनाही बरेच लोक सरसकट कोल्हाच म्हणतात. तिथं शेपटीचं टोक, कानाचा आकार आणि अंगलट ताडून पाहा.

काचेला टेकू नका, उघड्यावर ठेवलेल्या कशाला हात लावू नका. पूर्वी कातडी टिकवायला आर्सेनिकयुक्त साबण वापरत, जुन्या नमुन्यांत तो असू शकतो. नुसतं "हात लावू नको" म्हणण्यापेक्षा "त्यात विष असतं" म्हटलेलं लवकर पटतं.

"यांना मारून आणलंय का?"

हा प्रश्न येतो, आणि तो टाळू नये. जुन्या काळातले बरेच नमुने शिकार करूनच जमवलेले आहेत. तेव्हा अभ्यासाची पद्धतच ती होती आणि शिकारीला मानही होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर चित्र बदललं. आता प्राणिसंग्रहालयात किंवा अपघातात मेलेल्या जनावराचं कातडं परवानगीनं वापरलं जातं. तुम्हाला स्वतःला हे पाहून अस्वस्थ वाटत असेल तर तेही मुलांसमोर बोला. मला विचाराल तर, मेलेला पक्षी पुन्हा जिवंत होणार नाही, पण त्याच्याजवळ पोचलेला मुलगा माळावरच्या जिवंत पक्ष्याला दगड मारणार नाही, एवढी आशा ठेवायला हरकत नाही.

पोट, म्हातारी माणसं, शाळा

दालनात खाता येत नाही. शेंगा चटणी आणि कडक भाकरी रात्रीच्या गाडीसाठी उत्तम, दोन दिवस काही होत नाही. दुपारी आवारातल्या उपाहारगृहात किंवा फोर्टातल्या एखाद्या साध्या खानावळीत जेवा. बाहेर जाऊन त्याच तिकिटावर परत येता येईल का, हे आधी दारावर विचारून घ्या.

आजी-आजोबा बरोबर असतील तर व्हीलचेअरची आणि लिफ्टची चौकशी आदल्या दिवशी फोन करून करा. त्यांना तिन्ही मजले फिरवायचा हट्ट धरू नका. प्राण्यांच्या दालनानंतर त्यांना बसवून एक मोठं माणूस सोबत ठेवायचं आणि बाकीच्यांनी पुढं जायचं.

शाळेची सहल नेणाऱ्या गुरुजी-बाईंसाठी वेगळं. मुख्याध्यापकांच्या पत्रानं संग्रहालयाला निदान महिनाभर आधी कळवा, गटांना सवलत आणि कधी माहिती देणारी व्यक्तीही मिळते. चाळीस मुलं एका काचेपुढं उभी करू नका, मागच्यांना काही दिसत नाही आणि तीच मग दंगा करतात. सात-आठ जणांचा गट, प्रत्येक गटाला वेगळे पाच प्राणी, आणि तासाभरानं सगळे एका ठिकाणी जमून एकमेकांना सांगणार, अशी वाटणी सोलापुरात वर्गातच करून ठेवा. कामगिरीचा कागद छापील नको. दिलेल्या प्राण्याचे फक्त पाय किंवा फक्त चोच काढायला सांगा. चित्र कसं येतं याला महत्त्व नाही. काढायचं म्हटलं की दोन मिनिटं पाहावंच लागतं.

परतीची सिद्धेश्वर रात्री असते. संग्रहालय बंद झाल्यावर गेटवे जवळच आहे, तिथं तासभर बसा, पण सामानघरातून बॅगा घ्यायला आणि फलाट गाठायला हाताशी पुरेसा वेळ ठेवा. वही वरच्या खिशात ठेवा. गाडीत बसल्यावर दहातली किती सापडली ते मोजून घ्या, आणि न सापडलेल्यांपैकी जे आपल्याच जिल्ह्यात आहेत ते येत्या हिवाळ्यात कुठं शोधायचे, ते कुर्डुवाडी यायच्या आत ठरवून टाका.